पेशंट डिनाइज

'पेशंट डिनाइज' हे दोन शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा टाइप केले असतील याचा हिशोब लागणार नाही. पेशंट डिनाइज चेस्ट पेन. पेशंट डिनाइज फीवर. पेशंट डिनाइज अल्कोहोल यूज. अर्थ साधाच: छातीत दुखत नाही म्हणतो, ताप नाही म्हणतो, दारू घेत नाही म्हणतो. पण ऐकताना वाटायचं, पेशंट कोर्टातल्या पिंजऱ्यात उभा आहे आणि एकेक आरोप नाकारतोय. पहिल्याच आठवड्यात मी ट्रेनरबाईंना विचारलं होतं, "हे जबानीसारखं का लिहितात?" त्या म्हणाल्या, "तू ऐकू येतं ते लिही."

अकरा वर्षं तेच केलं. ऐकू येतं ते लिहिलं.

२००२ साली मी नवी मुंबईतल्या महाप्याला मेडिकल ट्रान्सक्रिप्शनला लागले. हे काम काय होतं ते आता पोरांना समजावून सांगावं लागतं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोनवर नाहीतर रेकॉर्डरवर सगळं बोलून ठेवायचा. तो आवाज आमच्याकडे यायचा, आम्ही टाइप करायचो आणि त्याची सकाळ व्हायच्या आत कागद तयार. डोक्याला हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज चालू, पाय उचलला की बंद. पैसे लाइनवर, आणि पासष्ट अक्षरांची एक लाइन, मधल्या मोकळ्या जागा धरून. बोलणाऱ्या डॉक्टरला त्या धंद्यात 'डिक्टेटर' म्हणायचे. हे आम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणायला शिकलो.

ट्रान्सहार्बर लोकल तेव्हा नव्हती, ती २००४ मध्ये आली. रात्री कंपनीची सुमो ठाण्यातल्या पाचपाखाडीतून उचलायची आणि कळवा, विटावा करत ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोडला लागायची. रबाळ्याच्या आसपास केमिकलचा वास यायचा. त्यावरून डोळे मिटूनही कळायचं, आता दहा मिनिटांत ऑफिस. गाडीत आम्ही सात जणी, बहुतेक बीएस्सी. अमेरिका एकीनंही पाहिली नव्हती, पण ओहायोतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे, टेक्ससमधल्या बायकांची पित्ताशयं आम्हाला तोंडपाठ. एक डिक्टेटर कायम काहीतरी कुरकुरीत खात बोलायचा. एकाच्या मागे कुत्रा भुंकायचा, त्या कुत्र्याचं नाव आम्हाला माहीत होतं. एक बाई फार हळू बोलायच्या, आणि पेशंट दगावल्याचं सांगताना त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. पेडलवर पाय ठेवून तेवढं वाक्य मी चार-चारदा ऐकलेलं आहे.

या कामात खरी भीती कसली, तर सारख्या वाजणाऱ्या शब्दांची. हायपोटेन्शन आणि हायपरटेन्शन. फिफ्टीन आणि फिफ्टी. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेशिया म्हणजे बोलायला त्रास. एका अक्षरानं पेशंटच्या शरीरातली जागा बदलते, औषधाचा डोस तिप्पट होतो. म्हणून एकच नियम डोक्यात ठोकून बसवलेला होता: अंदाज करायचा नाही. तीनदा ऐकायचं, शेजारणीला ऐकवायचं, क्यूएला, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्याला ऐकवायचं. तरी कळलं नाही तर कोरी जागा सोडायची. एक लांब रेघ, आणि पुढे कंसात वेळ, किती मिनिटं किती सेकंदांवर तो शब्द आहे. डॉक्टर स्वतः ऐकेल आणि भरेल. कोरी जागा सोडली तर कुणी ओरडत नसे. ठोकून दिलं आणि ते चुकलं, तर क्रिटिकल एरर लागायचा आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह जायचा.

घरी मला याची सवय लागली होती. कुणी काही विचारलं आणि मला पक्कं माहीत नसलं की मी गप्प बसायचे. नवरा म्हणायचा, "लागली का तुझी रेघ?"

पुढे काय झालं ते आता सगळ्याच धंद्यांच्या ओळखीचं आहे. आधी मशीन कच्चा मसुदा टाइप करून पाठवायला लागलं आणि आम्ही ट्रान्सक्रिप्शनिस्टच्या 'एडिटर' झालो. नाव मोठं झालं, लाइनचा दर जवळपास अर्ध्यावर आला. मग २००९ मध्ये अमेरिकेत हायटेक कायदा आला. दवाखान्यातल्या नोंदी कॉम्प्युटरवर नेण्यासाठी सरकारनं डॉक्टरांना पैसे दिले आणि डॉक्टर बोलायचे थांबून क्लिक करायला लागले. २०१३ मध्ये आमचा मजला रिकामा झाला. पेडल मी घरी आणलं. अजून माळ्यावर आहे, कशाला ठेवलंय ते विचारू नका.

त्या क्लिकनं डॉक्टरांचं काय केलं, तेही सांगायला हवं. २०१६ साली तिकडे डॉक्टरांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसून एक अभ्यास झाला. पेशंटसमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरचे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जात होते. म्हणजे आम्हाला काढलं, आणि आमचं काम गेलं त्याच्याच बोकांडी. मग रात्री घरी बसून नोंदी पुऱ्या करणाऱ्या, वैतागलेल्या डॉक्टरांसाठी नवीन यंत्र आलं. टेबलावर फोन ठेवायचा, पेशंटशी नेहमीसारखं बोलायचं, यंत्र ऐकतं आणि नोंद स्वतः लिहितं. त्याला स्क्राइब म्हणतात, जुन्या काळच्या लेखनिकासारखा. मायक्रोसॉफ्टनं न्यूआन्स ही आवाज ओळखणारी कंपनी घ्यायचं २०२१ मध्ये जाहीर केलं ते जवळपास वीस अब्ज डॉलर्सना. आमच्या लाइनचे पैसे आठवून मला तो आकडा बराच वेळ मोजता आला नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तोच लेखनिक घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात मला भेटला.

सासूबाईंना घेऊन गेले होते. वय शहात्तर. रात्री झोप नाही, मधेच धडधडतं, अंगात कसकस. डॉक्टर तरुण, मराठी, बोलायला गोड. त्यानं फोन टेबलावर उताणा ठेवला आणि म्हणाला, "आजी, हा ऐकतोय हं. मला लिहायला नको म्हणून. चालेल ना?" आईंनी फोनकडे असं पाहिलं, जसं घरात परका माणूस आधीच बसलेला दिसल्यावर पाहतात. "चालेल की," म्हणाल्या.

आणि खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मला त्या यंत्राचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. तो डॉक्टर आईंच्या तोंडाकडे बघत होता. गेल्या दहा वर्षांत आम्ही जितक्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांतल्या बहुतेकांच्या भुवया तेवढ्या मला आठवतात, कारण डोळे स्क्रीनमध्ये होते. हा बघत होता, मान डोलवत होता. आईही खुलल्या. "असं कसंतरीच होतं बघा, जीव घाबराघुबरा होतो, मग मी उठून पाणी पिते."

मग त्यानं विचारलं, "आजी, घरी काही ताण? कुणाची काळजी वगैरे?"

आईंनी पदर नीट केला. माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे, तिथं मेट्रोचा खांब. सात-आठ सेकंद गेले असतील. सेकंद मोजायची माझी जुनी खोड आहे. तेवढ्यात डॉक्टरनं बीपीचा पट्टा हातात घेतला, आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

बाहेर येईपर्यंत कागद छापून तयार. नोंद इंग्रजीत, नेटकी, आमच्या क्यूएनं सहीसकट पास केली असती अशी. धडधड बरोबर, झोप बरोबर, पाणी पिण्याचंसुद्धा आलेलं. आणि शेवटून तिसरी ओळ: पेशंट डिनाइज एनी स्ट्रेस अॅट होम.

मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. आईंनी काही नाकारलं नव्हतं. त्या काहीच बोलल्या नव्हत्या. कोरी जागा यायला हवी तिथं यंत्रानं 'नाही' लिहून टाकलं होतं.

हे फक्त आमच्या कागदावर घडलं असं नाही. ओपनएआयचं व्हिस्पर नावाचं आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांमध्ये कुणीही न बोललेली वाक्यं सापडली. पूर्णच्या पूर्ण वाक्यं, व्याकरणशुद्ध. त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घातक वळणाची, म्हणजे हिंसा, खोटे संदर्भ, कुणाच्या तोंडी भलतंच काही. आणि ज्यांना वाचाघात झालाय, जे शब्द शोधत मधेमधे थांबतात, त्यांच्या बाबतीत हा प्रकार जास्त. बोलणं थांबतं तिथं यंत्राला चैन पडत नाही. पुढे काय येण्याची शक्यता जास्त, एवढंच त्याला शिकवलेलं, आणि शांततेनंतर शांतताही येऊ शकते हे त्याच्या हिशोबात कच्चं. आमच्या महाप्याच्या क्यूएनं त्याचा इन्सेंटिव्ह पहिल्याच महिन्यात कापला असता.

एक टक्का म्हणजे काहीच नाही, असं माझा मुलगा म्हणतो. तो त्याच क्षेत्रात आहे. आमचाही ठरलेला मापदंड अठ्ठ्याण्णव टक्के अचूकतेचा होता, आमच्या हातूनही चुका व्हायच्याच. पण माणसाची चूक बहुधा अडखळलेली असते, विचित्र स्पेलिंगची, वाचणाऱ्याच्या डोळ्यात खुपणारी. ही चूक इस्त्री केलेली असते.

मराठीचा प्रश्न आणखी वेगळा. मागच्या दिवाळीच्या सुमारास एका जुन्या मैत्रिणीनं मला घरबसल्या काम दिलं: मराठी आवाजाच्या क्लिप्स ऐकायच्या, यंत्रानं केलेला मजकूर सुधारायचा. दवाखान्यातली संभाषणं होती, नट उभे करून बोलवून घेतलेली. पुन्हा हेडफोन चढवले. पाय आपोआप टेबलाखाली पेडल शोधत होता. तिथं मला कळलं की आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत. ठणकतं ते वेगळं, सलतं ते वेगळं. कळ येते, चमक निघते, पेटका येतो, गोळा येतो, मुरडा पडतो, ओढ लागते. हातापायाला मुंग्या येतात, डोकं जड होतं, तोंडाची चव जाते, घशाशी येतं. अनुभवी डॉक्टर यांतल्या एकेका शब्दावरून अर्धं निदान करतो. यंत्रानं 'पाठीत चमक भरली'चं इंग्रजी पाठीला तकाकी आली असं केलं होतं, आणि 'अंगात कसकस'च्या जागी 'अंगात कसं कसं'. दोन महिन्यांनी पुन्हा त्याच धर्तीच्या क्लिप्स आल्या, तेव्हा 'चमक' बरोबर आलेली. मला आनंद झाला. दुसऱ्याच्या पोरानं पहिल्यांदा आपल्याला नीट हाक मारावी तसा. हे काम करून आपण कुणाच्या पोटावर पाय देतोय, हा विचार त्यानंतर आला. पण आमच्या पोटावरचा पाय तर आधीच पडून गेलेला, त्यामुळे तो विचार फार टिकला नाही.

यंत्रं नकोतच, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि त्याला कारण माझे सासरे आहेत. त्र्याण्णव साली त्यांना खोकला लागला. आमचे नौपाड्यातले फॅमिली डॉक्टर देवमाणूस. नाडीवर बोट ठेवून इतका वेळ गप्प बसायचे की पेशंट आपणहून घरचं सगळं सांगून मोकळा व्हायचा. त्यांनी तीन महिने कफाची औषधं दिली. एक्स-रे निघाला तो उशिरा, वाचला गेला त्याहून उशिरा. टीबी निघाला तोपर्यंत माणूस निम्मा झाला होता. आज छातीचा एक्स-रे यंत्राला दाखवला तर मिनिटाच्या आत संशयाची जागा रंगवून हातात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये शिफारस केली, की पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या टीबीच्या चाळणीसाठी एक्स-रे माणसाऐवजी अशा यंत्रानं वाचला तरी चालेल. हे काम करणाऱ्या जगातल्या मोजक्या कंपन्यांतली एक, क्युअर डॉट एआय, खाडीपलीकडच्या मुंबईतली, २०१६ साली सुरू झालेली. जगातले साधारण चौथा हिस्सा टीबीचे रुग्ण आपल्या देशात, आणि रेडिओलॉजिस्ट मात्र शहरांत. मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या पाड्यावर उचलून नेता येईल असं एक्स-रेचं मशीन आणि त्यात हा वाचक, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. सासऱ्यांच्या वेळी तो असता तर, असं अजूनही मनात येतं.

स्वीडनमध्ये ऐंशी हजारांवर बायकांच्या मॅमोग्राफीवर असाच प्रयोग झाला. २०२३ मध्ये पहिले निष्कर्ष आले. यंत्र मदतीला घेतल्यावर फिल्म वाचायचं डॉक्टरांचं काम चव्वेचाळीस टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडायचं प्रमाण काही घटलं नाही.

पण फुप्फुसावरचा डाग कोण बघतंय त्यावर बदलत नाही. सून शेजारी बसलेली आहे म्हणून तो लपत नाही. शिवाय यंत्र डाग आहे म्हणालं तरी पुढे थुंकीची तपासणी होतेच, ती खरं-खोटं करते. आईंच्या त्या सात-आठ सेकंदांची तपासणी कुठल्या लॅबमध्ये करायची? तिथं शेवटची गाळणी म्हणजे डॉक्टरची नजर, सही करायच्या आधीची. आणि सही कशी होते ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या वेळी कित्येक कागदांच्या खाली तिकडचे डॉक्टर बिनदिक्कत एक शिक्का घालायला सांगायचे: 'डिक्टेटेड बट नॉट रेड'. मी बोललोय, वाचलेलं नाही.

तिकडे तर डॉक्टर पेशंटला निदान पंधरा-वीस मिनिटं देतो. २०१७ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी पेशंटला दिलेल्या वेळेची तुलना छापून आली होती. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात सुमारे दोन. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर सकाळी उभं राहून रांग पाहिली, तर दोन मिनिटंसुद्धा चैन वाटावी. या रांगेत लेखनिक आला आणि डॉक्टरची चाळीस सेकंदं वाचली, तर ती पेशंटला मिळतील की पुढच्या टोकनला? माझं मत विचाराल तर टोकनला. घोडबंदरच्या त्या खासगी हॉस्पिटलातही भिंतीवर नंबर पळतच होते.

आणि ते सगळं ऐकलेलं जातं कुठं? डॉक्टरला विचारलं तर हसून म्हणाला, "क्लाउडवर." माझ्या डोळ्यांसमोर ढग आला नाही. महापे-रबाळे आले. जिथं केमिकलचा वास यायचा त्या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती आहेत, बाहेर जनरेटरच्या रांगा, आत माणसं मोजकी. २००३ मध्ये कराचीतल्या एका ट्रान्सक्रिप्शनवालीनं थकलेल्या पैशांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉस्पिटलला धमकी दिली होती, पैसे द्या नाहीतर तुमच्या पेशंटांचे कागद इंटरनेटवर टाकते. त्यानंतर आमच्या पर्स, मोबाइल, पेनसुद्धा दाराबाहेर ठेवून घ्यायला लागले. कोरा कागद आत नेता येत नसे. आता फोन डॉक्टरच्या टेबलावरच असतो, आणि 'चालेल ना' एवढ्यावर भागतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मोकळेपणानं आणि माहिती देऊन घेतलेली हवी म्हणतो. आईंचं 'चालेल की' त्यात कुठं बसतं ते कायदेवाल्यांनी सांगावं. घरी आलेल्या माणसाला चहा नको म्हणता येत नाही म्हणून ज्या स्वतःच दोनदा घेतात, त्यांचं ते 'चालेल की'.

असो. मी भिंतीशी उभी होते. मागे फिरले. पुढचा पेशंट आत गेलेला होता, मी दार ढकललं. मला बघून डॉक्टर दचकला. मी ओळीवर बोट ठेवलं. "डॉक्टर, हे त्या बोलल्या नाहीत."

त्यानं वाचलं. वाद घातला नाही, हे त्याचं मोठेपण. "खरंय, त्या काही बोलल्याच नाहीत," म्हणाला. ओळ खोडली. पण नोंद सेव्ह होईना. तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं: हो, नाही, किंवा काहीतरी मजकूर. 'विचारलं, उत्तर नाही' असा पर्याय नव्हता. बिचारा दोनदा क्लिक करून बघत बसला. समोरचा पेशंट शर्टाची बटणं काढून वाट बघत होता. शेवटी त्यानं त्या रकान्यात एक टिंब टाकलं. नुसतं टिंब. यंत्रानं ते मुकाट्यानं घेतलं.

रिक्षात बसलो. कापूरबावडीला सिग्नल लागला, पुढे पत्र्यांमागे काम चालू, हॉर्न. आई पिशवीतल्या औषधांच्या पट्ट्या मोजत होत्या. मोजता मोजता म्हणाल्या, "त्यानं विचारलं ना मगाशी, घरचं."

"हो."

"तू होतीस म्हणून बोलले नाही." मग थांबल्या. "आणि तो फोन."

माजिवड्यापासून नितीन कंपनीपर्यंत त्या बोलत होत्या. काय बोलल्या ते इथं लिहीत नाही.